ऑक्सिजन संवेदकाच्या साहाय्याने कार्ब्युरेटरची जुळणी

ऑक्सिजन संवेदकाच्या साहाय्याने कार्ब्युरेटरची जुळणी म्हणजे पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील प्राणवायूचे प्रमाण पाहून इंजिनात शिरलेले हवा व इंधन यांचे मिश्रण कसे होते हे ठरविणे आणि त्यानुसार कार्ब्युरेटरमधील जेट, स्क्रू, सुई इत्यादी भागांत बदल करणे. हा संवेदक मुळात इंधन-अंतःक्षेपण प्रणालीच्या गाड्यांसाठी तयार झाला. पुढे जुन्या गाड्यांची निगा राखणाऱ्यांनी व शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांनी तो कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर मोजमापाचे साधन म्हणून वापरण्यास आरंभ केला. संवेदक इंधन मोजत नाही. ज्वलनानंतर उरलेला प्राणवायू तेवढा तो ओळखतो. त्यामुळे इंजिनातील ज्वलन निर्दोष असेल तरच त्याचे वाचन विश्वसनीय ठरते, आणि वाचनाचा अर्थ लावण्याचे काम जुळणी करणाऱ्याकडेच राहते.

## हवा-इंधन गुणोत्तर

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. या प्रमाणाला रससमीकरणमितीय गुणोत्तर म्हणतात. यापेक्षा इंधन अधिक असल्यास मिश्रण दाट आणि कमी असल्यास विरळ समजले जाते. गॅरेजांमध्ये यांनाच अनुक्रमे ‘रिच’ व ‘लीन’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षातील गुणोत्तराला आदर्श गुणोत्तराने भागले असता येणाऱ्या संख्येस लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे आदर्श मिश्रण, १ पेक्षा कमी म्हणजे दाट आणि अधिक म्हणजे विरळ.

१४.७ हा आकडा सर्व अवस्थांचे उद्दिष्ट आहे, हा एक सामान्य गैरसमज आहे. उत्प्रेरक परिवर्तक असलेल्या गाडीत लॅम्डा १ च्या आसपास राहणे आवश्यक असते, कारण त्या बिंदूवरच परिवर्तक तिन्ही प्रमुख प्रदूषकांवर प्रभावीपणे काम करतो. परिवर्तक नसलेल्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला मात्र निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळे मिश्रण मानवते. सर्वाधिक शक्ती किंचित दाट मिश्रणावर मिळते, तर सर्वाधिक काटकसर किंचित विरळ मिश्रणावर साधते. पेट्रोलसाठी साधारणतः पुढील पल्ले आरंभबिंदू म्हणून धरले जातात.

| इंजिनाची अवस्था | हवा-इंधन गुणोत्तर | लॅम्डा |
|---|---|---|
| आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू) | १३.० ते १४.५ | ०.८८ ते ०.९९ |
| सपाट रस्त्यावरील स्थिर वेग | १४.० ते १५.५ | ०.९५ ते १.०५ |
| पूर्ण थ्रॉटल, अधिक भार | १२.५ ते १३.२ | ०.८५ ते ०.९० |

प्रत्येक इंजिनाचा दहनकक्ष, कॅमशाफ्ट व संपीडन वेगळे असल्याने हे आकडे नियम नसून मार्गदर्शक आहेत.

## कार्ब्युरेटरमधील इंधनमार्ग

कार्ब्युरेटरमध्ये हवा व्हेंचुरी नावाच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि त्या दाबफरकामुळे फ्लोटच्या पात्रातील पेट्रोल जेटमधून ओढले जाते. एकच जेट सर्व वेगांना पुरत नसल्याने बहुतेक कार्ब्युरेटरांत अनेक इंधनमार्ग असतात:

* आयडल मार्ग – थ्रॉटल जवळजवळ बंद असताना इंधन पुरवितो. याच मार्गावर मिश्रणाचा स्क्रू असतो.
* संक्रमण मार्ग – थ्रॉटल किंचित उघडल्यावर बारीक छिद्रांतून इंधन देतो. संथ रहदारीत इंजिन बराच वेळ याच मार्गावर चालते.
* मुख्य मार्ग – मुख्य जेट, मिश्रणनळी व वायुजेट यांचा मिळून होतो.
* शक्तिवर्धक मार्ग – भार वाढून इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात घटला की अधिक इंधन सोडतो. तो काही कार्ब्युरेटरांतच असतो.
* ॲक्सिलरेटर पंप – पेडल एकदम दाबल्यास क्षणभर इंधनाची पिचकारी मारतो.
* चोक – थंड इंजिन सुरू करताना मिश्रण तात्पुरते दाट करतो.

एसयू जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये अशा स्वतंत्र मार्गांऐवजी वर-खाली सरकणारा पिस्टन व त्याला जोडलेली निमुळती सुई असते. तेथे जुळणी मुख्यतः सुई बदलून व जेटची उंची फिरवून केली जाते.

संवेदक फक्त एक आकडा दाखवितो. तो आकडा कोणत्या मार्गाचा आहे हे तो सांगत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर इंजिनाचे फेरे, थ्रॉटलची स्थिती आणि शक्य असल्यास मॅनिफोल्डमधील निर्वात नोंदविणे या पद्धतीत अत्यावश्यक ठरते.

## संवेदकाची रचना व कार्य

### इतिहास

संवेदकाचा पाया जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांच्या संशोधनात आहे. दोन बाजूंच्या संहतींतील फरकामुळे किती विद्युत्दाब निर्माण होतो हे सांगणारे समीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांना १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारगाडीसाठीचा लॅम्डा संवेदक जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केला आणि १९७६ साली व्होल्व्हो कंपनीने अमेरिकेत विकावयाच्या आपल्या गाड्यांत तो प्रथम बसविला.

### अरुंद पट्ट्याचा संवेदक

या संवेदकात झिर्कोनियम डायऑक्साइडचा, एका टोकाला बंद असलेला, बोटाच्या आकाराचा मृत्तिकाघटक असतो. त्याच्या दोन्ही पृष्ठांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरील पृष्ठ निष्कास वायूंत राहते व आतील पृष्ठास बाहेरची हवा लागते. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्यावर या घटकातून प्राणवायूचे आयन वाहू शकतात आणि दोन्ही बाजूंच्या प्राणवायूतील तफावतीमुळे विद्युत्दाब निर्माण होतो. मिश्रण विरळ असताना तो सुमारे ०.१ ते ०.२ व्होल्ट, दाट असताना ०.८ ते ०.९ व्होल्ट आणि लॅम्डा १ जवळ सुमारे ०.४५ व्होल्ट असतो.

हा बदल सावकाश होत नाही. लॅम्डा १ ओलांडताच दाब एकदम उडी घेतो. त्यामुळे मिश्रण आदर्श बिंदूच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच हा संवेदक नेमके सांगतो. पूर्ण थ्रॉटलला गुणोत्तर १३.२ आहे की १२.२, हा शक्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न त्याला सोडविता येत नाही. दाट बाजूस त्याचा विद्युत्दाब मिश्रणापेक्षा तापमानानेच अधिक बदलू शकतो. स्वस्त आणि साध्या व्होल्टमापकावर वाचता येणारा असला, तरी जुळणीसाठी त्याचा उपयोग आयडलिंग व स्थिर वेग यांपुरता मर्यादित राहतो.

### रुंद पट्ट्याचा संवेदक

‘वाइडबँड’ या नावाने परिचित असलेल्या संवेदकात नेर्न्स्ट घटकाच्या जोडीला एक पंप-घटक असतो. दोहोंमधील सूक्ष्म पोकळीत लॅम्डा १ ची स्थिती कायम राहावी म्हणून नियंत्रक पंप-घटकातून प्राणवायू आत किंवा बाहेर ढकलतो. त्यासाठी लागणारा विद्युत्प्रवाह मोजला की मिश्रणाचे प्रमाण कळते: लॅम्डा १ ला प्रवाह शून्य, विरळ बाजूस एका दिशेने व दाट बाजूस उलट दिशेने. हा संवेदक ७५० अंश सेल्सियसच्या आसपास राखावा लागतो. त्यामुळे त्यात विद्युत्तापक असतो आणि स्वतंत्र नियंत्रकावाचून तो चालत नाही. कार्ब्युरेटरच्या पूर्ण जुळणीसाठी हाच प्रकार योग्य मानला जातो.

## संवेदक बसविणे

संवेदकासाठी निष्कास नळीला भोक पाडून १८ मिलिमीटर व्यासाचे व १.५ मिलिमीटर अंतराचे आटे असलेली बैठक वेल्डिंगने जोडतात. जागा निवडताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात:

* सर्व सिलिंडरांच्या नळ्या जेथे एकत्र येतात त्याच्या पुढे संवेदक असावा, म्हणजे सर्वांची सरासरी मिळते. व्ही आकाराच्या इंजिनात दोन्ही बाजूंना स्वतंत्र संवेदक लावल्यास उत्तम.
* तो नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, घड्याळातील १० ते २ या आकड्यांच्या दरम्यान असावा. नळीत साचणारे पाणी तापलेल्या मृत्तिकाघटकावर आल्यास तो तडकतो.
* नळीच्या उघड्या टोकाजवळ तो बसवू नये. आयडलिंगच्या वेळी बाहेरची हवा मागे शिरून वाचन विरळ दिसते.
* संवेदकाच्या अलीकडे नळीच्या जोडात गळती नसावी.

विद्युत्पुरवठा बंद असताना संवेदक चालत्या इंजिनाच्या नळीत ठेवू नये. न तापलेल्या घटकावर काजळी बसून तो निकामी होतो. कायमचा बसवावयाचा नसेल तर जुळणी झाल्यावर तो काढून बैठकीला बूच लावतात.

## जुळणीची पद्धत

### पूर्वतयारी

मिश्रणाला हात लावण्यापूर्वी व्हॉल्व्हची फट, प्रज्वलनाची वेळ, स्पार्क प्लग, इंधनपंपाचा दाब, फ्लोटमधील पेट्रोलची पातळी आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधील हवेची गळती यांची तपासणी आवश्यक असते. फ्लोटची पातळी चुकलेली असल्यास सर्वच इंधनमार्गांचे वाचन बिघडते आणि जेट बदलून ते दुरुस्त होत नाही. इंजिन पूर्ण तापलेले, चोक उघडलेला व हवेची गाळणी जागेवर असावी. रस्त्यावर जुळणी करताना एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने नोंदी घ्याव्यात, किंवा नोंदी आपोआप साठविणारे उपकरण वापरावे.

एका वेळी एकच बदल करणे हा या कामातील मूलभूत नियम आहे. दोन भाग एकाच वेळी बदलल्यास कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कळत नाही.

### आयडलिंग व संक्रमण

प्रथम मिश्रणाचा स्क्रू थोडाथोडा फिरवून इंजिन सर्वांत स्थिर चालते ती जागा शोधतात आणि मगच वाचन पाहतात. काही कार्ब्युरेटरांत हा स्क्रू इंधनाचा असतो व बाहेर फिरविल्यास मिश्रण दाट होते. काहींत तो हवेचा असतो व परिणाम उलटा होतो. यानंतर थ्रॉटल अगदी सावकाश उघडून संक्रमण मार्ग तपासतात. येथे वाचन एकदम विरळ होऊन गाडी अडखळत असल्यास आयडल जेट लहान असल्याची शक्यता असते.

### मुख्य जेट

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने आणि नंतर पूर्ण थ्रॉटलला वाचन घेतात. पूर्ण थ्रॉटलची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर न करता रोलर डायनॅमोमीटरवर किंवा बंदिस्त मार्गावर करावी. आरंभ नेहमी मोठ्या जेटपासून, म्हणजे दाट बाजूने करून हळूहळू विरळ बाजूकडे येतात. अधिक भाराखाली मिश्रण विरळ राहिल्यास ठोका येऊन पिस्टनचा माथा वितळू शकतो, म्हणून उलट क्रमाने जाणे धोक्याचे असते.

जेटमधून जाणारे इंधन व्यासाच्या नव्हे, तर क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, १.२० मिलिमीटर व्यासाच्या जेटवर पूर्ण थ्रॉटलला १४.४ हे वाचन आले आणि १३.२ हवे आहे. १४.४ ला १३.२ ने भागल्यास १.०९ येते, म्हणजे इंधन ९ टक्के वाढवावयाचे आहे. १.०९ चे वर्गमूळ सुमारे १.०४५ असल्याने व्यास सुमारे साडेचार टक्के वाढवून १.२५ मिलिमीटर घ्यावा लागतो. व्यासच ९ टक्के वाढवून १.३१ केल्यास इंधन सुमारे १९ टक्के वाढते व गुणोत्तर १२.१ पर्यंत उतरते. हा हिशेब अंदाजापुरता आहे. काही उत्पादकांच्या जेटवरील क्रमांक व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो, त्यामुळे उत्पादकाचा तक्ता पाहणे आवश्यक ठरते.

मध्यम वेगात वाचन योग्य असून उच्च वेगात मिश्रण दाट होत गेल्यास मुख्य जेटऐवजी वायुजेट मोठा करतात. त्याचा प्रभाव उच्च वेगात अधिक जाणवतो.

### ॲक्सिलरेटर पंप

हा सर्वांत शेवटी जुळवितात. पेडल एकदम दाबल्यावर वाचन क्षणभर विरळ होऊन इंजिन दचकल्यास पंपाची पिचकारी वाढवितात. दाट होऊन काळा धूर आल्यास ती कमी करतात. निष्कास वायू संवेदकापर्यंत पोहोचण्यास काही काळ लागतो. त्यामुळे क्षणिक बदलांत वाचन प्रत्यक्ष घटनेच्या थोडे मागे असते हे लक्षात घ्यावे लागते.

## वाचनातील फसगत

संवेदकाला उरलेला प्राणवायू दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. पुढील परिस्थितींत वाचन दिशाभूल करते:

* प्रज्वलन चुकणे – एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी न पडल्यास त्यातील सर्व प्राणवायू न वापरता बाहेर येतो आणि वाचन विरळ दिसते. त्याच वायूंत न जळलेले पेट्रोलही असते, परंतु त्याची भरपाई वाचनात पूर्णपणे होत नाही. अतिदाट मिश्रणामुळे प्लग ओले होऊन ठिणगी चुकत असेल, तर वाचन पाहून जेट आणखी मोठा करण्याची चूक होते आणि मूळ दोष वाढतो.
* नळीतील गळती – गळतीतून हवा आत शिरून, विशेषतः आयडलिंगला, खोटे विरळ वाचन येते.
* शर्यतीचा कॅमशाफ्ट – दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी अधिक काळ उघडे राहिल्याने ताजे मिश्रण थेट बाहेर जाते व आयडलिंगचे वाचन विरळ येते.
* सिलिंडरांतील असमानता – एक सिलिंडर विरळ व दुसरा दाट असून सरासरी मात्र योग्य दिसू शकते. अशा वेळी प्रत्येक स्पार्क प्लगचा रंग पाहण्याची जुनी पद्धत उपयोगी पडते.
* विषबाधित संवेदक – शिसेयुक्त पेट्रोल, काही सिलिकॉन लांब्या व इंजिन ऑइलची राख यांमुळे संवेदक मंदावतो.

यामुळे अनुभवी कारागीर संवेदकाचे वाचन, प्लगचा रंग, इंजिनाचा आवाज व गाडीची ओढ यांचा मेळ घालूनच निर्णय घेतात. वाचन आणि इंजिनाचे वर्तन यांत विसंगती दिसल्यास जेट बदलण्यापूर्वी विसंगतीचे कारण शोधतात.

## प्रत्याभरण कार्ब्युरेटर

संवेदक व कार्ब्युरेटर यांचा संयोग कारखान्यातही झाला होता. अमेरिकेतील प्रदूषण-नियमांमुळे १९८० च्या सुमारास तेथील उत्पादकांनी संगणक-नियंत्रित कार्ब्युरेटर आणले. जनरल मोटर्सच्या गाड्यांतील रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटरमध्ये एक विद्युत्चुंबकी झडप बसविलेली असे. अरुंद पट्ट्याच्या संवेदकाकडून येणाऱ्या संकेतानुसार संगणक ती सेकंदाला दहा वेळा उघडझाप करून मिश्रण लॅम्डा १ च्या आसपास राखीत असे. ही व्यवस्था गुंतागुंतीची होती आणि अंतःक्षेपण प्रणाली स्वस्त होत गेल्यावर ती मागे पडली.

## भारतातील संदर्भ

कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्थान ॲम्बेसेडर आणि आरंभीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्या भारतीय रस्त्यांवर अनेक दशके होत्या. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि त्यामुळे ऑक्सिजन संवेदकाचा वापर व्यवहार्य झाला. त्याच सुमारास मारुती ८०० मध्येही अंतःक्षेपण प्रणाली आली. आज कार्ब्युरेटरच्या मोटारगाड्या मुख्यतः हौशी संग्राहकांकडे आढळतात.

या गाड्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, इथेनॉलमिश्रित पेट्रोल. इथेनॉलचे आदर्श गुणोत्तर सुमारे ९ असल्याने २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलचे आदर्श गुणोत्तर सुमारे १३.५ होते. शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेला कार्ब्युरेटर जेट आपोआप बदलत नसल्याने ई-२० वर मिश्रण सुमारे सात ते आठ टक्क्यांनी विरळ होते. संवेदक मूलतः लॅम्डा ओळखतो. त्यामुळे पेट्रोलच्या मोजपट्टीवरील १४.७ हे वाचन ई-२० वरही लॅम्डा १ च दर्शविते. म्हणूनच अशा इंधनावर जुळणी करताना गुणोत्तराऐवजी लॅम्डात वाचन घेणे श्रेयस्कर ठरते.

दुसरी गोष्ट उंची. समुद्रसपाटीवरील मुंबईत जुळविलेली गाडी सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला नेल्यास तेथील हवेची घनता सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. कार्ब्युरेटरमधील गुणोत्तर घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलत असल्याने मिश्रण सुमारे ६ टक्के दाट होते, म्हणजे १३.५ चे वाचन १२.६ च्या आसपास येते. घाट चढून गेल्यावर जुन्या गाड्या काळा धूर सोडतात व मंदावतात, त्याचे हे एक कारण आहे. म्हणून जुळणी नेहमीच्या वापराच्या ठिकाणीच करावी.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी केली जाणारी तपासणी ही या जुळणीस पर्याय नाही. त्या तपासणीत पेट्रोल गाडीच्या आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. मुख्य जेटची स्थिती तीत दिसत नाही. आयडलिंगला प्रमाणपत्रास पात्र ठरलेली गाडी पूर्ण भाराखाली धोकादायकरीत्या विरळ असू शकते.

## सुरक्षितता

निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू आहे आणि मिश्रण जितके दाट तितके त्याचे प्रमाण वाढते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून जुळणी करू नये. जेट बदलताना सांडलेले पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून पेट घेऊ शकते, म्हणून इंजिन थंड होऊ द्यावे व अग्निशामक जवळ ठेवावा. दीर्घकाळ अतिदाट मिश्रणावर चालविल्यास सिलिंडरच्या भिंतींवरील ऑइल धुतले जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजतात. अतिविरळ मिश्रणाने होणारी हानी मात्र काही क्षणांतही होऊ शकते.

## हे सुद्धा पहा

* कार्ब्युरेटर
* अंतर्ज्वलन इंजिन
* उत्प्रेरक परिवर्तक
* इंधन-अंतःक्षेपण
* वाल्टर नेर्न्स्ट